आत्याची पळी

आमच्या किन्हीराजा गावात सगळे जिला आत्या म्हणतात, तिच्याइतकीच तिची पळी प्रसिद्ध होती. लांब दांड्याची, लोखंडी, जरा वाकलेली. लग्न असो, नामकरण असो की विहारातली जयंती, वस्तीत भाजी आत्याच रांधायची आणि पळीला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. एकदा वाशीमला दवाखान्यात भरती झाली, तर पळी उशाशी. डॉक्टरांनी विचारल्यावर म्हणाली, "घरी ठेवली तं सून भाजी करंन."

टाळेबंदीच्या उन्हाळ्यात छत्तीसगडचे मजूर हमरस्त्याने पायी गावाकडे निघाले होते. त्यातली चाळीसेक माणसं गावाने आमच्या शाळेत उतरवून घेतली. मी तिथला मास्तर. व्हरांड्यात चूल मांडली आणि आत्या न बोलावता हजर झाली.

पाहुण्याचा मान म्हणजे लालभडक तर्री, आणि पाहुणा जितका दूरचा तितकं तिखट जास्त, हा आमच्याकडचा कायदा. पहिल्याच पंगतीत पाहुण्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. ते पाहून आत्यालाही भरून आलं. किती दिवसांचे उपाशी असतील बिचारे, असं म्हणत दुसऱ्या दिवशी तिने तिखटाचा हात आणखी सैल सोडला. मीही शहाण्यासारखी मान डोलावत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातली फुलबाई गाठोडं बांधताना दिसली. तिला सातवा महिना होता आणि बाहेर वैशाखाचं ऊन. कुठे निघालीस, मी विचारलं. गाठ आवळत तिने सांगितलं, की ती नुसती भाकर पाण्यात बुडवून खाते आहे, लेकरं तर तेवढीही खात नाहीत; पण इतक्या मायेने वाढणाऱ्या बाईला नावं कशी ठेवायची? त्यापेक्षा चालू लागलेलं बरं.

मी आत्याच्या कानावर घातलं. ती चुलीपुढे भाजी ढवळत होती; तिने पळी बाहेर काढली. मला वाटलं, आता भांडणार. पण उठली, फुलबाईपाशी गेली आणि पळी तिच्या हातात ठेवली. "धर वं माय. तुले रुचंन तसं रांध. पण ह्या उनात जाऊ नको."

फुलबाई भात खाणारी. आत्या टोपलं घेऊन दारोदार फिरली आणि रेशनचा तांदूळ गोळा करून आणला. ज्या पाटलांच्या घरी तिच्या हातचं कधी कुणी खाल्लं नव्हतं, तिथूनही आणला. फुलबाईने उरलेला भात पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी कांद्याबरोबर वाढला. शिळा भात म्हणून गाव आधी हसलं. मग कुणीतरी चाखला, त्या उन्हात पोटाला गारवा वाटला, आणि काम बंद पडलेले आमचे शेतमजूरही ताटली घेऊन रांगेत उभे राहिले. आणखी चार दिवसांनी पाटलीणबाई आल्या आणि पंगतीत आत्याच्या शेजारी मांडी घालून बसल्या. आत्या मात्र फुलबाईने वाढलेल्या ताटाकडे बघतच राहिली. "मास्तर," ती म्हणाली, "मले पंगतीत कोणी वाढून राह्यलं, हे पह्यल्यांदाच."

महिनाभराने त्यांना न्यायला बस आली. फुलबाई पळी परत द्यायला लागली, तर आत्याने ती खिडकीतून पुन्हा आत ढकलली. पुढे फुलबाईला मुलगी झाली. आता फोनवर ती पोरगी पळी आपटताना दिसते आणि आत्या गावभर फोन नाचवत फिरते.

मागे मी बाजारातून एक नवी पळी आणून तिला दिली. आत्याने हातात घेतली, वजन पाहिलं आणि सुनेकडे दिली.

"माही पळी कामावर गेली आहे, मास्तर," ती म्हणाली. "मी आता जेवाले बसतो."