अर्धं आटवलेलं पाणी

माझी बायको म्हणायची की मी तिला जिवे मारून राहिलो, आणि मी म्हणायचो की तिचं डोकं फिरलंय. आमच्यात कोण बरोबर होतं हे मला अजून नीट कळलेलं नाही. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. तेव्हा जसं घडलं तसं लिहून काढतो.

आमचं गाव सालेकशाच्या बाजूचं. थोडी धानाची शेती, आणि आठवडी बाजारांतून धान, मोहफुलं घ्यायचा-विकायचा माझा धंदा. बायकोने वीस वर्षं गावविहिरीचं पाणी डोक्यावरून आणलं. तिची मान दुखायला लागली तेव्हा मी अंगणात बोरिंग मारलं. पाणी थंडगार, चवीला गोड. आल्यागेल्याला मी खाटेवर टेकायच्या आधी गिलास द्यायचो आणि तो काय म्हणतो इकडे कान लावून बसायचो. फुशारकीच ती, दुसरं काय!

बोरिंगला चार-पाच वर्षं झाली आणि बायको बदलली. नेमकी कधीपासून ते मला आठवत नाही, आणि याचाच मला राग येतो. कुठल्या पोत्यात ओला माल होता हे दोन वर्षांनी सांगणारा माणूस मी, पण बायको हसायची कधी थांबली ते माझ्या लक्षात नाही. आधी तळपायाला मुंग्या येतात म्हणाली. मग हातांवर काळे-पांढरे ठिपके आले, तळवे जाड झाले. धानाची रोवणी करणाऱ्या बाईचे हात, असे असणारच, म्हणून मी सोडून दिलं. मग भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं. दुपारी भिंतीकडे तोंड करून बसायची. काय होतं विचारलं की डोळे भरून यायचे. "मले काहीच गोड नाही लागत," एवढंच म्हणायची.

गोंदियाच्या मनाच्या डॉक्टरने उदासीचा आजार सांगून गोळ्या दिल्या. मी मात्र दोन्ही डगरींवर हात ठेवणारा. गावातल्या जाणत्या वैदूलाही विचारून आलो. तो म्हणाला, आजारी माणसाला कच्चं पाणी देऊ नको, आटवून अर्धं उरलेलं दे, हलकं पडते. आमच्याकडे बाळंतिणीलाही तसंच देतात. मला पटलं.

मी जे करतो ते मापात करतो. रोज सकाळी चुलीवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवायचा, आठ गिलास पाणी मोजून ओतायचं आणि चार उरेपर्यंत जागचं हलायचं नाही. कितपत उरलं ते कळावं म्हणून बाभळीच्या काडीला खाच पाडली होती. आयुष्यात कधी चूल न पेटवलेला मी, धुरात डोळे चोळत बसायचो. शेजारणी तिला म्हणायच्या, असा नवरा नशिबानं भेटते. मला ते ऐकायला फार आवडायचं.

ती मात्र बिघडतच गेली. एक दिवस गिलास पुढे केला तर तिने तोंड फिरवलं.

"मी नाही पेत तुमच्या हातचं पानी."

"काऊन नाही पेत?"

"तुमी मले मारून राहिले."

माझा तोल गेला. "तुह्यासाठी रोज धुरात मरून राहिलो, अन् मीच तुले मारून राहिलो?" एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारचे अंगणात आले. डॉक्टरला सांगितलं, तर त्याने आजारात आता संशयही आला म्हणून गोळी वाढवली. झालं, मग तर माझंच खरं ठरलं. गिलास रिकामा होईपर्यंत मी तिच्यासमोर उभा राहू लागलो. एक-दोनदा तिचा जबडा धरून पाणी पाजलं. हे लिहिताना लाज वाटते, पण धरला होता.

मागच्या हिवाळ्यात पाणी तपासणाऱ्या एक बाई गावात आल्या. त्यांनी आमच्या बोरिंगचं पाणी बाटलीत घेतलं, पुडी टाकली आणि झाकणात पांढरा कागद बसवला. थोड्या वेळाने तो कागद पिवळा झाला, मग तपकिरी.

"यात आर्सेनिक आहे, जमिनीतलं विष. हे पाणी पिऊ नका."

"आजारी माणसाला आम्ही कुठं कच्चं देतो? घरात बायको आजारी आहे, तिला तर आटवून अर्धं करून देतो."

बाईंचं लिहिणं थांबलं. "काका, ते उकळून जात नाही. पाणी उडून जातं, ते तेवढंच खाली उरतं."

पुढचं मला समजावून सांगायची गरज नव्हती. आठाचे चार मीच मोजत होतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण त्यात निदान देव तरी उरतो. मी त्या दिवशी जेवलो नाही. चुलीजवळची ती काडी मोडून जाळून टाकली.

मग माझं डोकं चालेनासं झालं. मीही तेच पाणी प्यायलो, मग मला काही का नाही झालं? दिवसभर मी बाजारात, तिथलंच पाणी, तिथलाच चहा, म्हणून? की माझंही डोकं बिघडलंय आणि मला ते कळत नाही? डॉक्टरला विचारलं, तिचं मन पाण्याने आजारी पडलं की आपोआप? तो म्हणाला, "दोनों हो सकता है." मग ती जे बोलत होती ते खरं होतं की आजार? "बात सही थी, शक बीमारी था." मी मान हलवली, पण मला आजपर्यंत त्याचा अर्थ लागलेला नाही. पाण्याला ना वास होता ना वेगळी चव. मग तिला कुठून कळलं?

आता मी विहिरीचं पाणी आणतो. त्याचीही तपासणी झाली आहे, ते चांगलं निघालं. गोळ्या चालू आहेत. ती थोडी सुधारली, पण माझ्या हातचा गिलास घेत नव्हती. स्वतः उठून माठातून घ्यायची, पाय धड चालत नसले तरी. तिच्या जागी मी असतो तर मीही घेतला नसता.

परवा गोळीची वेळ झाली. मी एका हातात गोळी, एका हातात पाणी घेऊन उभा होतो, सवयीने.

"पान्यातच जहर होतं ना?" तिने विचारलं.

"होतं."

"मंग मी येडी नव्हती."

"नव्हती."

"मंग हे गोळी कायले देता?"

डॉक्टरने सांगितलेलं सगळं मी आठवून पाहिलं. एकही वाक्य पुरं जुळेना.

"मले नाही समजत," मी म्हणालो. "खरंच नाही समजत."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे पयलांदा खरं बोलले तुमी," आणि माझ्या हातातला गिलास घेतला.