वेल्ह्याच्या बैलगाडीखालची दोन चाकं

विमा दाव्यांच्या कागदांतलं खोटं शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि ती सवय सुट्टीच्या दिवशीही सुटत नाही. त्यामुळे ओळखीच्या भंगारवाल्याने, तुमच्या जीपची अस्सल चाकं वेल्ह्याकडे एका बैलगाडीला आहेत, असं फुकटात सांगितलं तेव्हा मनात पहिला प्रश्न आला, याचं कमिशन किती?

तरी निघालो. लिलावात घेतलेली माझी जुनी लष्करी जीप दोन वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये विटांवर उभी होती. पुढची दोन चाकं अस्सल, मागची गायब. दसऱ्यापर्यंत ती स्वतःच्या चाकांवर उभी राहिली नाही तर भंगारात काढायची, असा सोसायटीचा ठरावच झाला होता. ही २००३ च्या गणपतीनंतरची गोष्ट.

शनिवारी स्कूटरने कात्रज ओलांडून शिवऱ्याला मिसळ खाल्ली. बारा रुपये, आणि जास्तीची तर्री मागितल्याशिवाय मिळत नाही. कापूरहोळला उजवीकडे वळलं की रस्ता एकदम शांत होतो. भाटघरचं पाणी बघायला तुम्ही जरूर थांबा. मी थांबलो नाही, कारण दुकान बंद व्हायच्या आत भोर गाठायचं होतं.

भंगारवाल्याने पत्ता दिला होता तो भोरच्या टायरवाल्या रहीमचाचांच्या दुकानाचा. वय साठीचं, बोलणं हळू. बैलगाडीच्या रिम घ्या, पण त्यांवरचे टायर घेऊ नका, असं त्यांनी बजावलं. "ते बैलाच्या चालीचे टायर, साहेब. हायवेला पळवलं तर फाटत्याल." मग अर्थातच नवे टायर कुणाकडून घ्यायचे? त्यांच्याचकडून. मी प्रत्येक नव्या टायरच्या कडेवर नख फिरवून पाहिलं, जुन्यावर नवं रबर चढवलेलं तर नाही ना. नीट दिसावं म्हणून चाचांनी स्वतःच बॅटरी आणून दिली. त्याने माझा संशय आणखी वाढला. रात्री शंभर रुपयांच्या लॉजवर झोपताना पाकीट उशीखाली ठेवलं.

रविवारी चाचांच्याच टेम्पोतून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे निघालो. खड्डे इतके की गप्पा मारताना जीभ चावली जाते. समोर तोरणा ढगात होता. वाडीवर सखारामबाबा भेटले, सत्तरीचे शेतकरी. बैल विकले होते, गाडी पडवीला टेकून उभी होती आणि तिची दोन्ही चाकं अंगणात आडवी. रिम माझ्या जीपच्याच प्रकारच्या. बाबांनी दोन्हींचे मिळून सहाशे सांगितले. इतक्या स्वस्तात? नक्की काहीतरी दडवलंय. त्यात रिमच्या बाहेरच्या कडेच्या नटांना दाट शेंदूर फासलेला. विमावाल्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर ही तडे झाकायचीच युक्ती.

चाचा टेम्पो वळवायला गेले होते. मी पान्हा काढला, चाकावर वाकलो आणि शेंदराचा एक नट पकडला. बाबा म्हणाले, तो नट नका फिरवू. मी म्हटलं, नुसतं बघतोय. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मी जोर लावला, नट किंचित हलला. तेवढ्यात बाबा पुढे आले आणि धोतर सावरून त्या चाकावरच बसले. सौदा मोडायचा विचार दिसतो, असं वाटून मी चिडलो. उठा म्हटलं तरी ते उठेनात.

चाचा आले. ते चाकाजवळ खाली बसले, व्हॉल्व्हची पिन काढली आणि हवा सोडून दिली. फुस्स आवाज बराच वेळ चालू होता. मग म्हणाले, "ही रिम दोन पाळ्यांची हाय, साहेब, दोन अर्धे एकावर एक. आतले नट चाक गाडीला धरत्यात. हे बाहेरचे दोन्ही पाळ्या एकमेकींना धरत्यात. हवा भरलेली असताना खोलले की वरची पाळी उडती."

मी पान्हा खाली ठेवला. चाचांनीच सांगितलं, बाबांच्या थोरल्या भावाचा हात असाच गेला होता. तेव्हापासून दर दसऱ्याला त्या नटांना शेंदूर, म्हणजे घरातलं कुणी त्यांना पान्हा लावणार नाही.

"नीट सांगायचंत ना मला," मी बाबांना म्हणालो.

"दोनदा सांगितलं की. तुमास्नी पटंना, म्हून बसलो."

दोन्ही चाकांतली हवा गेल्यावर चाचांनी दोन्ही रिम खोलून दाखवल्या. तडा कुठेच नव्हता. बाबांच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली. जेवणाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत आणि त्या वेळी मला त्यात काही काळंबेरं दिसलं नाही. टायर चाचांकडूनच घेतले, चारही नवे.

जीप आता चाकांवर उभी आहे. अशा रिम घेणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, आधी पूर्ण हवा काढा, मग पान्हा. बाकी त्या प्रवासातलं माझ्याजवळ उरलंय ते म्हणजे ते अंगण. ती पाळी उडाली असती तर बाबांना घेऊनच उडाली असती, आणि हे त्या अंगणात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी त्यांच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. ते मात्र, माणूस वर बसल्यावर हा पान्हा फिरवणार नाही, एवढ्या माझ्यावरच्या भरवशावर तिथे बसले होते.