हिरीतली चावी आन् शाळेतल्या बाई

बसा, चहा घ्या. हसायचं असंल तर आताच हसून घ्या. मधीच कुणी फिदीफिदी केलं की माझं डोस्कं फिरतं. माझी फजिती मीच सांगतो. गावातल्यांच्या तोंडून ऐकाल तर चार गोष्टी वाढवून सांगतील. तशी वाढवायची गरजच न्हाई म्हणा!

आमचं गाव बिलोलीच्या अंगाला. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, आन् मास्तर एकच. त्यो बी अर्धा महिना मिटिंगला. एका माणसानं चार वर्ग कसे शिकवावे? लोक बेजार होऊन पोरं पिवळ्या गाडीत कोंबून तालुक्याच्या इंग्लिश शाळंत धाडायले. पट असाच घसरला तर शाळाच बंद! माझी नात तिसरीत. तिला गाडी लागती, वेशीपासून ओकायला सुरू. ती कुठं जाणार शिकायला?

अर्जावर अर्ज केले. साहेब म्हणायचे, "बघतो." अहो, बघून बघून डोळे फुटतील की!

शेवटी म्या पारावर सांगितलं, "शाळेला कुलूप ठोकायचं. त्याबिगर वरच्या लोकायला ऐकू येत न्हाई."

ठरल्या दिवशी सकाळी नवाला शाळेवर गेलो. मास्तर मिटिंगला. दार सताड उघडं. चष्मा घरीच होता. तसा मला तो लागत न्हाई, डाक्टर उगंच म्हणतो. आत बघायची काय गरज? ओढलं दार, लावलं शेतातल्या आखाड्यावरचं जाडजूड कुलूप आन् समद्यांदेखत चावी दिली हिरीत फेकून!

"शिक्षक आल्याबिगर हे कुलूप निघणार न्हाई!" मी गरजलो. काय टाळ्या पडल्या म्हणता! शपथ सांगतो, लग्नात बी इतका मान मिळाला नव्हता.

तेवढ्यात आतून धाड धाड आवाज. शेजारचा मारुती म्हणला, "काका, आत कोणतरी हाय."

"माकड असंल. तू घोषणा दे!"

"शिक्षक द्या! शिक्षक द्या!" आम्ही वरडायलो. आत धाडधाड वाढली, तसा आमचा बी आवाज वाढला.

मग खिचडी शिजवणारी कमलबाई पाण्याची घागर घेऊन आली आन् दाराकडं बघून उभीच राहिली. "काका, ऐका तर! आत..."

"आत तांदूळ हाय, मालूम हाय मला. आज खिचडी बंद!"

"अवं तांदूळ न्हाई, आत..."

"गप! आंदोलनात मधी बोलू न्हाई!"

ती घागर खाली ठेवून कपाळाला हात लावून बसली. म्हणलं, बसंना का, तेवढंच एक माणूस वाढलं.

मग फोन वाजला. आमच्या भागातल्या शाळा बघणारे साहेब. "काका, कुलूप कामून लावलं? तुम्हाला नव्या मॅडम दिल्यात. सकाळीच हजर झाल्या."

"साफ खोटं! मी दारातच बसून राहिलो. चिमणी बी आत गेली न्हाई."

"अहो, त्यांचाच फोन होता. म्हणतात, मला बाहेर काढा."

"कुठून बाहेर?"

"शाळेतून!"

घोषणा बंद. समदं गाव माझ्याकडं बघायलं. आन् आतून स्वच्छ आवाज आला, "आजोबा, आंदोलन झालं असेल तर दार उघडता का?"

धावत मागच्या खिडकीला गेलो. गजाआड एक बाई, खांद्याला पिशवी. मूळच्या मुरुडच्या. पहिल्या एस्टीनं आलेल्या. कमलबाईनं दार उघडून त्यांना बसवलं आन् पाण्याला गेली, तेवढ्यात माझी स्वारी!

"चावी कुठंय?" बाईनं विचारलं.

"हिरीत."

"कुणी टाकली?"

उभ्या जन्मात पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी दुसऱ्यानं टाकलेली असती तर बरं झालं असतं!

म्हणलं, संपलं! ही बाई आता मिळंल त्या गाडीनं परत जाणार. साहेब म्हणणार, तुम्हाला शिक्षक दिला, तुम्ही कोंडला. पुन्हा कोण येतंय आमच्या गावात?

त्यात ते कुलूप! वीस वर्षं बढाई मारली, चोराच्या बापाला तुटायचं न्हाई. मालकाला बी तुटंना! दगड झाला, पहार झाली. कमलबाईनं गजातून चहा दिला. दहा वाजता पोरं आली, खिडकीला लोंबकळली. आन् बाईनं काय करावं? आतूनच पाढे सुरू केले! बाई आत, पोरं बाहीर, आन् मी दारावर घण घालून राहिलो. बे एकं बे, धाड! बे दुणे चार, धाड!

साताच्या पाढ्याला कुलूप तुटलं. म्या हात जोडले. "बाई, चुकलं. पण जाऊ नका."

बाई खळखळून हसल्या. "जाऊ कशाला, आजोबा? आधीच्या दोन्ही गावांत विचारायचे, बदली कधी घेताय? जाऊ नये म्हणून कुलूप लावणारं गाव पहिल्यांदाच बघितलं!"

जीव भांड्यात पडला हो माझा! आता बाई टिकल्यात, पिवळ्या गाडीतली पोरं एक एक करून परत यायलीत. नात पाढे म्हणती आन् ओकायचं तर नावच न्हाई.

फक्त एक झालं. रोज शाळा सुटली की बाई फाटकातून साऱ्या गावाला ऐकू जाईल असं वरडतात, "आजोबा, मी बाहेर आलेय! लावा कुलूप!"

आन् मी बी गुमान चष्मा लावून चारी कोपरे बघून येतो. माकडाचं काय सांगावं!