जेजू: बर्फातला ज्वालामुखी आणि दोन बगीचे

निघायच्या आदल्या रविवारी विनू आमच्या प्रताप नगरच्या घरी आला आणि जेवता जेवता म्हणाला, "ताई, बगीचा काढून टाकू म्हणतो."

विनू माझा धाकटा भाऊ. कळमेश्वरजवळचा संत्र्याचा बगीचा बाबांनंतर आम्हा दोघांच्या नावावर आहे. राबतो तो. मी हिवाळ्यातले एकदोन रविवार तिथे सतरंजी टाकून संत्री खाते. झाडं म्हातारी झालीत, बुंध्यांतून डिंक गळतो, दर वर्षी काही वाळतात. जागा गोडाऊनसाठी भाड्यानं मागणारे येऊन गेले होते. विनूनं पैशाची अडचण सांगितली नाही, कारण ती नव्हतीच. "थकलो वं," एवढंच म्हणाला. माझ्या होकाराशिवाय मात्र काही होणार नव्हतं.

"फिरून आल्यावर सांगते," मी म्हणाले. हे उत्तर होतं की पळवाट, हा प्रश्न मी विमानात बसेपर्यंत स्वतःला विचारत होते.

फिरायला जायचं होतं जेजूला. दक्षिण कोरियाच्या खाली, समुद्रात, ज्वालामुखीतून वर आलेलं हे बेट. मधोमध हल्लासान नावाचा पर्वत, आता शांत झोपलेला, आणि हिवाळ्यात बर्फानं झाकलेला. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या मला बर्फातून चालायचं स्वप्न फार वर्षं होतं. नवऱ्याला थंडी सोसत नाही, म्हणून दिवाळीतच विनूला तयार केलं होतं. त्यानं फोनवर बेटाची माहिती वाचली आणि म्हणाला, "तिथं बी संत्रीच आहेत म्हणते. मंग काहून चाललो वं आपण?"

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. नागपूरहून दिल्ली, तिथून सेऊल. सेऊलला मात्र विमानतळ बदलावा लागतो, त्यामुळे हाताशी अर्धा दिवस ठेवा. पुढे जेजूचं विमान तासाभराचं. बेटावर बस उत्तम आहेत, गाडी भाड्यानं घ्यायची गरज नाही. राहायला आम्ही दक्षिण किनाऱ्यावरचं एक साधं घर घेतलं. दोघांचा रोजचा खर्च ऐन सीझनमधल्या गोव्यापेक्षा फार नव्हता. शाकाहाऱ्यांनी जरा सांभाळून राहावं, तिथल्या लोणच्यातसुद्धा मासे असतात. भात-भाजीचा मोठा वाडगा "अंडं नको, मांस नको" असं फोनवर लिहून दाखवलं की मिळतो. आमच्याकडे तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी होतीच.

पहिल्या सकाळी खिडकी उघडली आणि मी बराच वेळ तशीच उभी राहिले. समोर काळ्या दगडांचे बांध, गुडघ्याएवढे, कमरेएवढे, वळत वळत समुद्राकडे उतरलेले. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड नुसता ठेवलेला, आणि फटींतून पलीकडचं पाणी चमकत होतं. बांधांच्या आत संत्र्याची झाडं फळांनी वाकलेली. कडेच्या दुसऱ्या झाडांची लाल फुलं अख्खीच्या अख्खी गळून काळ्या दगडांवर पडलेली, जणू कुणी मांडून ठेवलीत. आणि या सगळ्याच्या मागे, ढगात अर्धा बुडालेला, पांढरा पर्वत.

विनूनं एक दगड हातात घेऊन पाहिला. "हा तं आपल्या विहिरीतला दगड होय."

खरंच होतं. आमची काळी माती, विहीर खणताना सुरुंग लावायला लावणारा तो काळा खडक, तोही कधीकाळचा लाव्हाच. शाळेत शिकले होते, पण इतक्या दूर येऊन हातात घेईपर्यंत ते नुसतं परीक्षेतलं उत्तर होतं. त्या दिवशी आम्ही किनाऱ्यालगतच्या पायवाटेनं चालत राहिलो. वाट दाखवायला जागोजागी रंगीत फिती बांधल्यात, चुकायची भीती नाही. डावीकडे समुद्राचा आवाज, उजवीकडे संत्र्यांचा वास. मला एकसारखं वाटत होतं की मी ही वाट आधी कधीतरी झोपेत चालले आहे.

दुपारी विनूनं ती चूक केली. चालता चालता बांधावरून हात घातला, एक संत्रं पिरगाळून तोडलं, सोलून खाल्लं आणि साल नीट बांधावर ठेवली.

आमच्या बगीच्याचा हा बाबांनी घालून दिलेला नियम आहे. वाटसरूनं तहानेपुरतं एक संत्रं तोडावं, पिशवी भरू नये, आणि साल बांधावर ठेवावी, म्हणजे मालकाला कळतं की खाणाऱ्यानं लपून खाल्लं नाही. विनूचा हात विचार न करताच गेला होता. मी समोरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर संत्र्याचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली.

तेवढ्यात झाडांमागून एक आजी बाहेर आल्या, हातात फळं कापायची कात्री. त्या जे बोलल्या त्यातला एकही शब्द कळला नाही आणि सगळं कळलं.

"आजी, मी बी संत्रेवालाच आहो," विनू हात जोडून म्हणाला, अस्सल आपल्या बोलीत.

"विनू, त्यांना काय कळणार आहे?"

"त्याईच्या शिव्या मले कळल्या नं!"

मी फोनवरच्या भाषांतराचा आधार घेतला. आजींनी सालीकडे बोट दाखवून फोनमध्ये काही विचारलं. फोन म्हणाला, "चोर कचरा का मांडून ठेवतो?" मी बाबांचा नियम सांगितला. फोननं तो कसा सांगितला देव जाणे, पण आजी आधी थबकल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना बांधाला टेकावं लागलं. आत जाऊन त्यांनी पिशवीभर संत्री आणली.

आता विनूची पंचाईत. पिशवी न्यायची नाही, हाही नियमच. त्यानं बॅग उतरवली, बाह्या सरसावल्या आणि आजींनी भरून ठेवलेले क्रेट उचलून शेडकडे न्यायला लागला. आजी आधी नको नको म्हणाल्या, मग एक जास्तीची कात्रीच त्याच्या हातात दिली. ती दुपार आमची चालायची होती, ती अशी गेली. मी बांधावर बसून पाहत राहिले. दोघं आपापल्या भाषेत अखंड बोलत होते. विनू शीळ घालत होता. त्याला शीळ घालताना मी कॉलेजच्या दिवसांनंतर ऐकलं नव्हतं.

मला आनंद झाला, आणि तो स्वार्थी होता. वाटलं, बघा, याचा जीव यातच आहे, मी नाही म्हटलं तर बरंच होईल.

"बगीच्यात किती खुलतोस तू," परतताना मी म्हणाले.

तो म्हणाला, "ताई, मजा आली, काहून का ते झाड माझं नव्हतं. ते उद्या वाळलं तरी मले झोप लागन."

हल्लासानच्या शिखरावर जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि वरच्या विश्रामघरापाशी ठरलेल्या वेळेआधी पोहोचलं नाही तर पुढे सोडत नाहीत. म्हणून पहाटेचीच बस धरा. बुटांना लावायचे लोखंडी काटे पायथ्याला भाड्यानं मिळतात, त्यांच्याशिवाय जाऊ नका. झाडांवर बर्फ इतका जाड की फांद्या ओळखू येत नव्हत्या. आवाज फक्त काट्यांचा, करकर, करकर, आणि मध्येच कुठेतरी फांदीवरून बर्फ निसटल्याचा, कुणी उसासा टाकावा तसा. वर चढत गेलो तसं झाडं संपली, वाट संपली असं वाटलं, आणि नुसतं पांढरं उरलं. आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मी चालत होते की तरंगत होते, सांगता येणार नाही.

शिखरावर विवर दिसतं म्हणे, त्यात तळं. आम्हाला ढग दिसला. कठड्याला टेकून आम्ही गारठलेल्या पुऱ्या खाल्ल्या. मला आजींची दुपार आठवत होती, आणि माझी सतरंजी. मग वारा फिरला. ढग फाटला आणि खाली विवर दिसलं, अफाट, गोल, बर्फानं भरलेलं, शांत. एवढी आग होती इथे, आणि ती थांबली. लगेच पुन्हा सगळं मिटलं.

"विनू," मी म्हणाले, "काढ बगीचा."

त्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. "सगळा?"

"सगळा."

"विहिरीजवळची चार झाडं ठेवतो तुह्यासाठी."

"माझ्यासाठी नको ठेवू. त्यांना पाणी तुलाच द्यावं लागेल."

तो हसला. "चाल, उतरू. उशीर होऊन राहिला." उतरताना तो पुढे होता, आणि बराच वेळ काट्यांच्या करकरीत त्याची शीळ मिसळत होती.

घरी येऊन आता काही आठवडे झाले. बूट धुऊन ठेवलेत, फोटो सगळ्यांना दाखवून झालेत. काय उरलं म्हणाल, तर ढग फाटला तेवढा क्षण, आणि तो रोज थोडा धूसर होतो आहे. मी बरोबर केलं की नाही, हे अजून पूर्ण कळलेलं नाही.

काल बगीच्यात गेले होते. झाडं तोडायला माणसं पुढच्या आठवड्यात येणार आहेत. मृग बहराची उरलीसुरली फळं अजून झाडांवर आहेत. विनू विहिरीपाशी पाइप गुंडाळत होता. त्याला हाक न मारता मी कडेच्या झाडाचं एक संत्रं तोडलं, उभ्यानंच खाल्लं आणि साल बांधावर ठेवली. मालकाला कळावं म्हणून.