हूं म्हणणारं माणूस

प्रकाशा गावात, नदीघाटाच्या पायऱ्यांशी मी बेलफुलं विकते. आमचा म्हातारा आलेल्या लोकांना देवळं दाखवतो, गोष्टी सांगतो. गुडघे गेल्यापासून शेत त्याच्याने होत नाही. घरी बसला की सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो. म्हणून त्याचं हे काम टिकणं सगळ्या घराच्या भल्याचं होतं.

गोष्टी त्याला बापाकडून आल्या. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्यासमोर कोणीतरी ‘हूं, हूं’ म्हणत बसतो. हूं बंद झाला की सांगणाराही थांबतो. ऐकणारा झोपला, नाहीतर कंटाळला, असं धरतात.

गेल्या हिवाळ्यात पुण्याकडची एक बस आली. बस आणणारा म्हाताऱ्याला म्हणाला, “बाबा, आता लोक मोबाईलवरच माहिती ऐकतात. आज तुमचं ऐकून बघू. जमलं तर दर खेपेला तुम्हालाच बोलवू.”

म्हाताऱ्याने झोकात सुरुवात केली. देवळं बांधायला देवाने रात्र सहा महिन्यांची केली, इथवर आला आणि थांबला. लोक गप्प. आणखी एक वाक्य बोलला, पुन्हा थांबला. सगळे शाळेतल्यासारखे हात बांधून उभे. मग “असं हे देऊळ, जुनं शे” एवढं म्हणून तो सरळ माझ्या टोपलीपाशी येऊन बसला.

“काय व्हयनं?”

“कोन्ही हूं म्हनत नही. मी काय भिंतले सांगू का?”

“म्हनीसन गोष्ट आर्धी टाकीसन पळी उनात?”

“त्यास्ले आवडनं नही.”

मी उठून पुढे उभ्या असलेल्या बाईंना विचारलं, “गोष्ट आवडली नाही का?”

“आवडली की आजी! मध्ये बोलणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प होतो.”

“बोलू नका. नुसतं हूं म्हणा. त्याशिवाय त्यांची गाडी चालत नाही.”

इकडे म्हातारा उठेना. मी म्हटलं, “उठा. नही ते घर चाला, आन् सूननी भाजीले मुकाट्याने गोड म्हना.”

तो उठला.

लोक आधी हसत हूं म्हणत होते, मग ऐकता ऐकता म्हणायला लागले. एक जाडा माणूस भलत्याच ठिकाणी जोरात “हूं!” म्हणाला, तर म्हातारा ओरडला, “थांब ना भाऊ! आजून कोंबडा आरवना नही!” कोंबडा आरवला, उजाडलं, देवळांचं काम अर्धं राहिलं, आणि गोष्ट मात्र पुरी झाली.

बसवाला म्हणाला, “बाबा, पुढच्या खेपेलाही या. पण आजींना घेऊन.”

आता बस आली की टोपली शेजारणीकडे देऊन मी त्याच्या मागे फिरते. हूं चांगला मिळाला की तो गोष्ट लांबवतो, मग माझी फुलं सुकतात. मला त्यातलं अर्धं पटत नाही. सहा महिने उजाडलं नाही तर पिकं कशी आली, जनावरांनी काय खाल्लं? घरी मी हे त्याला विचारते. तो चिडतो.

परवा एकाने त्याला विचारलं, “बाबा, हे खरंच घडलं का?”

म्हातारा माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हटलं, “हूं.”