इरण्णाची लाईन

बायकोला हे ठाऊक नाही. माझ्या बहिणीला, सुनीताला, तर नाहीच नाही. आज पहिल्यांदा तोंड उघडतोय, तेही तुमच्यापुढं — तुम्ही उमरग्याचे नाही म्हणून.

उमरग्यात माझा केबलचा धंदा. पुढं केबलच्या जोडीला इंटरनेट आलं, तसा मी नेटवाला झालो. वरच्या कंपनीकडून लाईन घ्यायची आणि गल्लीगल्लीत वाटायची. लोकांना वाटतं, ज्याच्या हातात वायर त्याच्या हातात सगळ्यांची गुपितं. खरं सांगू? तेव्हा मी कुणाचंच बघत नव्हतो. सवड कुणाला होती?

इरण्णा माझा वर्गमित्र. बसस्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नाचं शूटिंग करावं तर त्यानंच — हे आजही म्हणावं लागतं, तोंड कडू झालं तरी. जीभ मात्र त्याची सैल. एकदा पानटपरीवर चार माणसांत म्हणाला, "ह्याच्यापुढं जपून ऱ्हावा बरं. कुणाची बायकू मोबाईलात काय बघती, ह्याला समदं दिसतंय." लोक हसले. मीही हसलो. तिथंच त्याची गचांडी धरायला हवी होती — नाही धरली.

ती गंमत फिरत फिरत सास्तूरला पोचली. सुनीताची सोयरीक तिथं जमली होती, सुपारी फुटली होती. मध्यस्थ घरी आले, चहाला नको म्हणाले. "पाव्हणं म्हणत्यात, पोरीच्या भावाला लोकाच्या घरात डोकवायचा नाद हाय. न्हाय जमायचं." आत सुनीता भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, आणि जरा वेळानं परत सुरू झाला. तो परत सुरू झालेला आवाज मला अजून ऐकू येतो.

इरण्णाला जाब विचारला. तो म्हणाला, "गंमत केली की रं. एवढं काय मनावर घेतलास?"

गंमत! त्या दिवशी ठरवलं — तू म्हणतोस ना मी बघतो? मग बघतोच. आणि फक्त तुझंच बघतो.

माझ्या ऑफिसातल्या मशीनवर आतलं काही वाचता येत नाही, पण कोण कुठल्या साईटवर जातो, किती माल उतरवतो, म्हणजे डाउनलोड करतो, एवढं कळतं. रोज सकाळी देवाला फूल वाहून झालं की मी इरण्णाची लाईन उघडायचो. काहीतरी घाण सापडेल, मग ती टपरीवरच मांडू. पण सापडलं काय? कॅमेऱ्याची दुकानं, सनईचे सूर, पंचांग. माणूस एवढा निर्मळ असावा? मला त्याचा जास्तच राग आला.

आणि मग वरच्या कंपनीचा मेल आला. तुमच्याकडच्या अमुक इंटरनेट नंबरावरून नवा पिक्चर चोरून वाटला जातोय, निर्मात्यांनी नजर ठेवून पकडलाय, ग्राहक शोधा आणि कळवा. आमच्याकडं एका नंबरामागं अख्ख्या पेठेतली घरं असतात. कंपनीला दिसतो तो नंबर. त्यामागचं घर कुठलं, हे फक्त मला ठाऊक.

घर माझंच होतं. म्हणजे ऑफिस. आमच्या केबलच्या लोकल चॅनलवर रविवारी नवा पिक्चर लावायचा रिवाजच होता, तालुक्यात सगळेच लावायचे. तो टोरंटवरून उतरवताना आपलं मशीन तोच पिक्चर जगाला वाटतही राहतं. मी ते चालू ठेवून सुनीतासाठी दुसरं स्थळ बघायला गेलो होतो.

मी कंपनीला नाव कळवलं — इरण्णाचं. वाईट वाटलं का? नाही. गार वाटलं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं.

त्याची लाईन कापली गेली. निर्मात्यांची माणसं पोलीस घेऊन आली, कॉम्प्युटर उचलायला लागली. त्यात त्या लग्नसराईतल्या सगळ्या लग्नांचं शूटिंग होतं. बघायला गर्दी जमली, आणि पुढच्या रांगेत मी. इरण्णानं मला पाहिलं, धावत आला, दोन्ही हात धरले. "तू तरी सांग की ह्यास्नी. म्या कायबी उतरवलं न्हाय. तुला समदं दिसतंय न्हवं?"

किती दिवस मी या वाक्याची वाट बघत होतो!

म्हणालो, "मला कसं दिसंल, इरण्णा? मी कुणाचं बघत नसतो."

त्याचे हात गळून पडले. मी चौकात जाऊन मिसळ खाल्ली, पोटभर.

कॉम्प्युटर परत आला, पण आतली डिस्क मेलेली. लोकांनी त्याला दारात येऊन शिव्या घातल्या. एक बाई नुसती बसून राहायची. तिच्या लग्नानंतर महिन्याभरात तिचे वडील वारले होते, आणि चालते-बोलते वडील त्या डिस्कमध्येच होते. तिला मी ओळखतो. तिच्याही घरी नेट माझंच आहे. इरण्णाचं शटर पडलं ते कायमचं. आता तो दुसऱ्याच्या दुकानात आधारकार्डासाठी फोटो काढतो.

सुनीताचं म्हणाल, तर तिला दुसरं स्थळ मिळालं. सुखात आहे, सास्तूरचं नावही काढत नाही. म्हणजे तिच्यासाठी केलं, असंही मला म्हणता येत नाही.

इरण्णानं घरी पुन्हा कनेक्शन घेतलं, माझ्याचकडून. बाकी सगळ्यांच्या लाईनी मी आजही उघडत नाही. त्याची उघडतो, रोज सकाळी, देवाला फूल वाहून झालं की. पंचांग नाही आता, सनई नाही. मेलेल्या डिस्कमधून शूटिंग परत कसं मिळवायचं, हे शिकवणाऱ्या साईट — एक झाली की दुसरी, देशातल्या, परदेशातल्या.

आज सकाळीही तेच होतं. मी शेवटपर्यंत बघितलं.