जगात न मिळणारा बेलो

भीमाचं चांगलं झालेलं मला कधी बघवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्याच्याबद्दल जे बोलेन ते तुम्ही पारखून घ्याल.

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. आयटीआय पास, वीस वर्षं नोकरी. भीमा इंदापूर तालुक्यातल्या कळसचा. बाप-आज्यानं मेंढरं राखली, हा आमच्याच कारखान्यात चार सीझन ऑइलमन होता. मग कामावरून कमी झाला आणि त्यानं भलताच धंदा काढला. कंपन्यांनी बनवायचे बंद केलेले जुन्या यंत्रांचे पार्ट हुडकून आणायचे. इंग्रजी नंबर त्याला वाचता येत नसे. मोडका पार्ट रुमालात बांधायचा, मोटारसायकलला किक मारायची, की दोन-चार दिवसांत तसाच दुसरा घेऊन हजर.

एकदा मी चीफसाहेबांना म्हटलं, "साहेब, हा रिले आता जगात मिळणार नाही." तिसऱ्या दिवशी भीमानं तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. तेव्हापासून त्याला केबिनमध्ये खुर्ची आणि कपबशीतून चहा. मी मात्र वीस वर्षं उभाच. घरी आमची कौसल्यासुद्धा, "भीमाभावजी लई गुणाचं हायती," म्हणायची.

गुण कसले? युक्ती होती नुसती. ती त्यानं मला स्वतःच सांगितली. "तात्या, स्टोअरात काय बी गावत न्हाय. मी मेकॅनिकच्या घरी जातो." बरोबर होतं त्याचं. चांगला स्पेअर स्टोअरात जमा केला की दुसऱ्या पाळीवाला वापरून टाकतो, नाहीतर तो भंगारात जातो. म्हणून आम्ही सगळेच एखादा नग अडीअडचणीला घरी नेऊन ठेवतो आणि ब्र काढत नाही. भीमा रिटायर झालेल्या मेकॅनिकच्या ओसरीवर जाऊन बसे, "आबा, तुमचा बॉयलर कसा व्हता?" एवढंच विचारी. म्हातारा तासभर बोले आणि आपण होऊन माळ्यावरचा पार्टांचा डबा खाली काढायला सांगे.

शहाण्णवच्या जानेवारीत ऐन गाळपात बॉयलरच्या पाण्याच्या कंट्रोलरमधला बेलो फाटला. अंगठ्याएवढा पितळी नग, हवेच्या दाबानं लोहाराच्या भात्यासारखा फुगतो, मिटतो आणि पाण्याचा वॉल्व्ह उघडझाप करतो. कंपनीनं तो बनवायचा केव्हाच थांबवलेला. नवीन कंट्रोलर यायला सीझन संपणार. तोवर बॉयलरच्या काचनळीतल्या पाण्याच्या पातळीवर डोळा ठेवून कुणीतरी वॉल्व्ह हातानं फिरवत उभं राहायचं. दिवसपाळीला तिथं बिरू होता, पन्नाशीचा, गरीब स्वभावाचा माणूस.

आणि तस्साच एक कोरा बेलो जळोचीला माझ्या घरी, माळ्यावर, बिस्किटाच्या डब्यात होता. पंच्याऐंशी साली मीच नेऊन ठेवलेला.

मी साहेबांना सांगितलं, "जगात मिळणार नाही."

"भीमाला निरोप धाडा," साहेब म्हणाले.

मला तेच हवं होतं. भीमानं चार दिवस वणवण करावी, सगळ्यांदेखत हात हलवत परत यावं आणि पाचव्या दिवशी मी खिशातून बेलो काढावा. एकदा तरी त्याला तोंडघशी पडलेलं बघायचं होतं मला.

तिसऱ्या दिवशी वॉल्व्हच्या दांडीपासून कढत पाण्याचा फवारा उडाला आणि बिरूचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मीच त्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी घरी आलो, डबा खाली काढला, बेलो हातात घेतला. उद्या सकाळीच बसवू, असं मनात आलं. मग भीमाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. अजून एकच दिवस, म्हटलं, आणि डबा परत वर ठेवला.

चौथ्या दिवशी दुपारी भीमा बॉयलरपाशी आला. रुमाल सोडला. आत बेलो होता आणि त्यावर मी अकरा वर्षांपूर्वी लावलेला लाल रंगाचा ठिपका.

"कुठं मिळाला?" साहेबांनी विचारलं.

"मोरगावपतुर सगळी घरं पालथी घातली, साहेब. शेवटी तात्यांच्या घरी गावला," भीमा म्हणाला. "अकरा वरसं जपून ठिवलाय त्यांनी. आपण ठिवलाय ह्येच इसरलं व्हतं. मी निस्ती याद दिली."

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्याच हातानं मी तो बेलो बसवला.

घरी गेल्या गेल्या कौसल्येला विचारलं, "भीमाला काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? जुनं काय हाय का म्हणालं, मी डबा दिला. म्हणलं, ह्यो तर ह्यांनी कालच खाली काढून बघितला."

"मग काय म्हणाला?"

"घोटभर पाणी प्यालं आन् गेलं."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तो चारचौघांत 'इसरलं व्हतं' म्हणाला. मला उघडा पाडला असता तर मी त्याच्याशी जन्मभर भांडलो असतो, सुखानं भांडलो असतो. त्यानं तेवढीही सोय ठेवली नाही.

सोमवारी कारखान्यात शाल-नारळ देऊन माझा सत्कार झाला. भीमा आला नाही, दुसऱ्या कुठल्या कारखान्याच्या पार्टमागं गेला होता. टाळ्या थांबल्यावर बिरू पुढं आला. उजवा हात पट्ट्यांत गुंडाळलेला, म्हणून डाव्या हातानंच वाकून त्यानं माझ्या पायांना हात लावला.

"तात्या," तो म्हणाला, "तुमी व्हतात म्हणून सुटलो."

शाल खांद्यावर असताना, तेव्हाही मला भीमाचाच हेवा वाटला. बिरूकडं त्याला मान वर करून बघता आलं असतं.